सगळ्याचंच बी

तीर्थरूप ताईस,

भोपळ्याच्या वेलावर पाय न पडता जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. विनंती विशेष, असं पुढे लिहायचं असतं. पण विनंती मी शेवटासाठी राखून ठेवली आहे. तोवर सगळं विशेषच आहे.

तू बरी असशील. भाऊजींची कंबर कशी आहे? त्यांनी मागे फोनवर शिकवलेला व्यायाम मी नेमाने केला आणि आता माझीही कंबर नेमकी त्यांच्याच जागी दुखते. मेहुण्या-मेहुण्यांत इतका एकोपा क्वचित दिसतो. इकडे बाबा ठणठणीत. तुझी भावजय ठणठणीत, पण गप्प (ती बोलते तेव्हा मी ऐकत नाही आणि गप्प बसते तेव्हा मला दुसरं काही ऐकू येत नाही, अशी आमच्या संसाराची घडी बसली आहे). मी मध्यम. बाग मात्र ठणठणीतच्या पार पलीकडे गेली आहे, आणि हे पत्र तिच्याबद्दलच आहे. आज मला सुट्टी. जेवणं झालीत, घर पेंगतंय, मी खिडकीशी टेबल ओढून बसलोय आणि एक दुधी माझ्या खांद्यावरून हे पत्र वाचतोय. अलंकारिक लिहीत नाही. हा दुधी बोटाएवढा होता तेव्हा खिडकीच्या गजांमधून हळूच आत आला. आम्हाला कौतुक वाटलं (पाहुणा लहान असेतो सगळ्यांनाच वाटतं). मग तो आतच वाढला. आता देठ बाहेर आणि देह आत अशा अवस्थेत तो आमच्या निजायच्या खोलीत राहतो. ऊन चढलं की त्याची सावली भिंतीवरून उतरते, सरकत सरकत पलंगावर येते आणि माझ्या उशीवर डोकं ठेवते. सुट्टीच्या दिवशी मी अर्धवट झोपेत जरा बाजूला होऊन तिला जागा करून देतो. गळ्यात त्याच्या पिवळ्या फुलाफुलांची चिंधी आहे. त्या चिंधीची गोष्ट पुढे येईल.

तर ताई, या सगळ्याला कारण तू आहेस. रागावू नकोस, पुढचं वाच आणि मग रागाव. इतकी वर्षं वरच्या मजल्यावर काढून शेवटी तुला स्वयंपाकघराच्या मागे चार हात माती मिळाली, ती बातमी सांगायला तू फोन केलास. बाबांनी विचारलं, बी ठेवू का तुझ्यासाठी? तू म्हणालीस, ठेवा ना. कशाकशाचं, त्यांनी विचारलं. आता तुझा स्वभाव मला माहीत आहे. कुणी विचारलं चहा की कॉफी, तर तू काहीही चालेल म्हणतेस, आणि समोरच्याने गोंधळून दोन्ही आणलं तर दोन्ही पितेस, त्याला वाईट वाटू नये म्हणून. त्याच सुरात तू म्हणालीस, सगळ्याचंच ठेवा बाबा, थोडं थोडं; सुट्टी लागली की येते न्यायला. तेवढ्यात तुझ्याकडे दूध उतू गेलं असेल नाहीतर दाराची बेल वाजली असेल. तू फोन ठेवलास आणि विसरलीस. बाबा मात्र बराच वेळ फोन हातात घेऊन उभे होते. मग त्यांनी तो खाली ठेवला आणि कपाटाच्या खालच्या खणातून कातरणांचं गाठोडं बाहेर काढलं.

आपल्या घरची रीत तू जाणतेसच. जे फळ बियाणासाठी राखायचं त्याच्या देठाला चिंधी बांधायची, आणि चिंधी दिसली की त्या फळाला कुणी हात लावायचा नाही, मग चुलीवरचं पातेलं रिकामं का राहीना. पण वेलामागे एकच फळ राखायचं, तेही सुरुवातीचं, सुडौल. बाकीची कोवळी असतानाच तोडायची आणि खायची. जगात सगळीकडे लोक असंच करत असणार. मात्र बाबांनी जन्मभर लोकांचे कपडे शिवले, आणि गिऱ्हाईक तोंडाने बोललं तेच माप, हा त्यांच्या दुकानाचा नियम. त्यांनी तुझा शब्द तसाच्या तसा कापडावर ठेवला आणि त्यावरून कात्री फिरवली: सगळ्यांचं, म्हणजे झाडून सगळ्या फळांचं, आणि प्रत्येकातलं थोडं थोडं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत बाहेर आलो तर अख्खी बाग चिंध्या लेवून उभी. वांग्यांच्या गळ्यात चिंध्या, काकड्यांच्या गळ्यात चिंध्या, घेवड्याच्या शेंगांना एवढ्याएवढ्याशा, बाहुलीला बांधाव्यात तशा. मुळ्याला गळा नसल्यामुळे त्याचा पाला वर गोळा करून शेंडीला बांधली होती. मी म्हटलं, बाबा, एवढं सगळं? ते म्हणाले, "तिने सगळं म्हटलंय." तोंडात ब्रश असताना माणसाला वाद घालता येत नाही, आणि चूळ भरून येईपर्यंत या घरातले वाद निकालात निघालेले असतात.

गाठ तीच, त्यांची जुनी. देठाला काच पडत नाही, वाऱ्याने सुटत नाही, आणि एक टोक ओढलं की अलगद मोकळी होते. ती तुला लहानपणीच आली. मला अजून येत नाही. मी मारलेली गाठ एकतर आपोआप सुटते, नाहीतर कापावीच लागते (स्वभावाबद्दल बोलत नाहीये, गाठीबद्दलच बोलतोय, पण तुझी भावजय दोन्हींबद्दल हेच म्हणते).

मग आम्ही बागेला जून होताना बघत बसलो. तोडायची नाही म्हटल्यावर भाजीकडे माणूस पहिल्यांदा नुसता बघतो. आजवर मी काकडीकडे असं नुसतं कधी बघितलंच नव्हतं. ती हिरवीची फिकी होते, फिकीची पिवळी, मग तिच्यावर तपकिरी जाळं चढतं, जुन्या नकाशासारखं, आणि त्या नकाशातल्या नद्यांवरून मुंग्या हळूहळू कुठेतरी निघालेल्या असतात. वांगी सोन्यासारखी पिवळी झाली. भेंड्या इतक्या वाढल्या की त्यांच्याशी बोलताना आवाज खाली आणावासा वाटतो. त्या शिरांवर उकलल्या आहेत, आणि वारा आला की आतले दाणे खुळखुळतात. दोडके सुकून हलके झाले. ते एकमेकांवर घासले की शेजारच्या खोलीत कुणी वहीची पानं उलटतंय असं वाटतं. मुळा बाबांच्या डोक्याच्या वर गेला, त्याला पांढरट जांभळी फुलं आली, आणि त्या फुलांवर अशी फुलपाखरं यायला लागली जी आपल्या बागेने कधी पाहिली नव्हती. एक भोपळा मागच्या दाराच्या पायरीवर बसलाय. आम्ही येता-जाता त्याला वळसा घालतो आणि घाईत असलो तर 'जरा सरकता का' असंही म्हणून जातो. आमच्या ऑफिसात माणसं अशी निबर झाली की त्यांना बढती मिळते. पण भाजीला निदान आत बी तरी धरतं.

बाबा मांडवाखाली, दुकानातलं ते जुनं स्टूल टाकून बसतात. गळ्यात टेप असतोच. मधूनच उठतात, एखाद्या दुधीच्या कमरेला टेप लावतात, मान हलवतात, परत बसतात आणि डुलक्या काढतात. वर दुधी लटकलेले, खाली बाबा. वारा आला की सगळे एका तालात डुलतात आणि त्यात बाबा कुठले हे पटकन ओळखू येत नाही. सुट्टी लागली, तू आली नाहीस. आधी मुलांच्या परीक्षा, मग घराचा रंग, मग भाऊजींची कंबर. तुझा फोन झाला की बाबा बागेत एक फेरी मारायचे, एखादा दुधी कानाशी धरून हलवायचे आणि आम्हाला ऐकू जाईल असं म्हणायचे, "बरं झालं आली नाही ते. बी अजून तयार नाही." मागच्या आठवड्यातही तुझा फोन आला होता म्हणे. मी कामावर होतो. ताई बरी आहे, एवढंच बाबांनी सांगितलं.

दरम्यान माणसं जेवतात, ही गोष्ट राहिलीच. दारात एवढी बाग असून आम्ही भाजी बाजारातून आणतो. भाजीवाली मला ओळखते. आपल्याकडची जास्तीची भेंडी मी तिलाच द्यायचो. तिने पहिल्या दिवशी विचारलं, "काय हो, कीड पडली का बागेला?" मी म्हटलं, नाही, बहीण पडली. ती भेंडी घरी नेताना मी पिशवी कोटाखाली धरतो, कारण आपल्या फाटकातून आत शिरताना बाजारची कोवळी, नाजूक भेंडी हातात आणि दोन्ही बाजूंना आपली थोरली, लाकडी, वाऱ्यावर खुळखुळणारी भेंडी उभी. मला परक्या लग्नात घुसल्यासारखं होतं. मध्ये एकदा एका काकडीची चिंधी वाऱ्याने उडाली. त्या दिवशी घरात मोठा कायदेशीर प्रश्न उभा राहिला. भावजयीचं म्हणणं, चिंधी नाही म्हणजे काकडी मोकळी. बाबा काही बोलले नाहीत, आणि तिने तीच संमती धरली. शिजवली. कडू होती, आणि आतल्या बिया शर्टाच्या बटणांएवढ्या. आम्ही त्या ताटाच्या कडेला काढत गेलो. जेवण झाल्यावर बाबांनी तिघांच्या ताटांतल्या बिया गोळा केल्या, धुतल्या आणि खिडकीत कागदावर वाळत घातल्या. शिजलेलं बी उगवत नाही हे त्यांना कळत नाही असं नाही. त्यांनी एकेक बी बोटाने वेगळी केली आणि मला म्हणाले, "असू दे. दिसायला बरी आहे."

आता मी केलेल्या गुन्ह्याकडे वळतो. एक दुधी न्हाणीघराच्या दारात लोंबत होता. बाबांचं कपाळ त्याच्या खालून जायचं, माझंही वाकल्यावर जायचं (वाकण्याची सवय ऑफिसामुळे आहे). पण तुझी भावजय उंच, आणि ती सकाळी घाईत. रोज टोला. शेवटी एके सकाळी तिने मौन सोडलं. "तो तरी," ती म्हणाली. दोनच शब्द, पण त्यांत सगळा संसार होता. बाबा अंघोळीला गेल्यावर मी तो कापला आणि टॉवेलात गुंडाळला. बाबा बाहेर आले, रिकाम्या देठाखाली क्षणभर थांबले, आणि मी कामाला निघेपर्यंत त्या देठालाही त्यांनी एक चिंधी बांधलेली होती. मला एक शब्द विचारला नाही. हे म्हणजे मारापेक्षा वाईट.

एवढा मोठा दुधी घेऊन माणूस जातो कुठे? कचऱ्यात टाकायची छाती होईना. शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना दिला असता तर त्यांनी कुंपणावरून बाबांचेच आभार मानले असते. (शिवाय आजवर वाटलेल्या भाजीच्या धसक्याने अजूनही आमच्यापैकी कुणी हातात काही घेऊन फाटकाबाहेर दिसलं की त्या खिडकी लावून घेतात.) शेवटी मी बसच्या मागच्या सीटखाली टॉवेलासकट तो ठेवला आणि मधल्याच थांब्यावर उतरलो. फार वर्षांनी इतकं हलकं वाटलं. चालत ऑफिसात गेलो, खिडकी उघडली, बसलो. तुला माहीतच आहे मी कुठे बसतो ते. बस आगारातल्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर. या शहरात कुठल्याही बसमध्ये कुणीही काहीही विसरलं तर ते शेवटी माझ्याकडे येतं, ही साधी गोष्ट माझ्या एकट्याच्या लक्षात आली नव्हती. जेवणाच्या सुट्टीआधी आमचा टिकटिक कंडक्टर (तो रिकाम्या हातानेही तिकिटाचा पंच वाजवत असतो) पांढराफटक चेहरा करून आला. दोन्ही हातांवर टॉवेल. म्हणाला, "साहेब, मला वाटलं कुणी मूल टाकून गेलंय. पाय सापडेनात म्हणून उघडून पाहिलं."

नाशवंत माल त्याच दिवशी काढून टाकायचा, असा आमचा नियम. मी आशेने मोठ्या साहेबांकडे गेलो. त्यांनी दुधीवर बोटाने टकटक केली, कान लावला आणि निर्णय दिला, "हा नाशवंत नाही. ठेवा फळीवर." तेव्हा छत्र्या, एका पायाचे बूट, कुणाची तरी कवळी आणि एक कुबडी (ती विसरून माणूस घरी कसा गेला असेल, याचा मी अनेक दुपारी विचार केला आहे) यांच्या मधोमध तो दुधी जाऊन बसला. सांगायला संकोच वाटतो, पण मला त्याची सोबत वाटायला लागली. तीनच्या सुमाराला आमच्या खिडकीत तिरपं ऊन येतं, त्यात धूळ तरंगते, आणि सगळ्या हरवलेल्या वस्तू दाराकडे तोंड करून बसल्यासारख्या दिसतात. इतर वस्तूंचा चेहरा पडलेला असतो. दुधीचा नव्हता. कुणीतरी येणार याची त्याला खात्री असावी.

आणि आले. दोन दिवसांनी मी मान खाली घालून पावती फाडत होतो, 'पुढे' म्हटलं, मान वर केली, तर खिडकीसमोर बाबा. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टेप, रांगेत आपला नंबर आल्यावर उभे राहतात तसे ताठ.

आता मागे रांग होती. मी काय करणार? मी विचारलं, "काय हरवलंय?"

"दुधी."

"कुठल्या बसमध्ये?"

"ते माहीत नाही. घरातून गेला."

मागची एक बाई हसली. मी विचारलं, "वर्णन?" तर बाबांनी उंची सांगितली, छाती सांगितली, कंबर सांगितली, आणि 'डावा खांदा जरा उतरता आहे' हेही सांगितलं. मला वर्णन लिहून घ्यावं लागतं. मी लिहिलं.

"काही खूण?"

"देठाला चिंधी. निळी चौकडी," बाबा म्हणाले. "माझ्या मुलीच्या शाळेच्या पहिल्या गणवेशाचं कापड. अंगाला मोठा शिवला होता, वाढेल म्हणून. खालची पट्टी आत दुमडून ठेवली होती. ती भराभर वाढली. पट्टी सोडली तरी पुरला नाही, तेव्हा मग कापला."

बाईंचं हसू थांबलं. "द्या हो त्यांचा त्यांना," त्या म्हणाल्या, "कशाला छळता म्हाताऱ्या माणसाला!" टिकटिकचा पंचसुद्धा वाजायचा थांबला. मी फळीवरून दुधी काढला आणि खिडकीतून द्यायला गेलो. तो खिडकीतून जाईना, म्हणून दार उघडून बाहेर आलो आणि हळूच विचारलं, बाबा, घरी का नाही विचारलंत? ते म्हणाले, "घरी तू खोटं बोलला असतास. ऑफिसात तू खोटं बोलत नाहीस." हे मोठ्या साहेबांनी ऐकलं. त्यांना ते ऑफिसचं कौतुक वाटलं आणि आता ते रंगवून भिंतीवर लावायचं म्हणतात. बाबांनी सही केली, बस पकडली आणि खिडकीशी बसले. दुधी मांडीवर. टिकटिकने त्याला अर्धं तिकीट दिलं. वळणावर बस दिसेनाशी होईपर्यंत बाबा त्याला काचेतून रस्ता दाखवत असल्यासारखं मला वाटलं. पण ते उन्हामुळेही असेल. आता तो शिवणयंत्राशेजारी ठेवलाय. घरात पिकतो का बघू, म्हणतात.

त्या संध्याकाळी मी बागेत गेलो आणि पहिल्यांदा फळांकडे न बघता चिंध्यांकडे बघितलं. ताई, सगळी कातरणं तुझी आहेत. निळी चौकडी वांग्यांना. ज्या जांभळ्या झग्याच्या झालरीत पाय अडकून तू जिन्यावरून पडलीस, त्याची काकड्यांना. कॉलेजात जाताना शिवलेला हिरवा, कोटाचं करडं अस्तर. खिडकीतल्या दुधीला तो पिवळा फुलाफुलांचा फ्रॉक, जो घातल्यावर तू तासभर कुणाशी बोलायची नाहीस. वारा आला आणि सगळ्या चिंध्या एकदम हलल्या, आणि तू एकाच वेळी सगळ्या वयांची होऊन बागभर पळायला लागलीस. मी स्टुलावर बसून बघत राहिलो. डोळा लागला असावा, कारण मी माझ्या खिडकीत होतो, आणि समोर एक मुलगी येऊन म्हणाली, माझी उंची हरवली आहे. मी नियमाप्रमाणे विचारलं, काही खूण? तिने हात पुढे केला, तर मनगटाला चिंधी. मी फळ्या शोधायला लागलो. छत्र्यांमागे फळ्या, त्यांच्यामागे आणखी फळ्या, सगळ्यांवर दुधी, आणि सगळे हळू आवाजात डुलत होते. भावजयीने हलवून जागं केलं तेव्हा दव पडायला लागलं होतं. (मी बाबांना विचारलं, माझ्या कपड्यांचं एकही कातरण नाही का? ते म्हणाले, तुझे कपडे माझ्या जुन्या पँटींतून काढायचो, त्यांतून उरणार काय?)

असो. मूळ प्रश्न असा की या निबर भाज्यांचं करायचं काय? सल्ल्यांना तोटा नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, खड्डा करून खत करा. भावजय म्हणते, दोडक्यांच्या अंग घासायच्या घासण्या होतील, साऱ्या गल्लीला जन्मभर पुरतील. मोठे साहेब म्हणतात, त्यातला एखादा परत आणून फळीवर ठेवा, खात्याची शोभा वाढते. माझं मागणं त्याहून सोपं आहे. तू बाबांना एक फोन कर आणि एवढंच सांग: बाबा, सगळ्याचं नको, भोपळ्याचं पुरे. गिऱ्हाइकाने माप बदललं की ते ऐकतील. बाकीचं आम्ही तोडून टाकू, आम्हाला पायरी परत मिळेल, मला माझी उशी परत मिळेल, आणि मी भाजीवालीसमोर मान वर करून जाईन. एवढं कर.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा, या घरातला चिंधी नसलेला एकमेव प्राणी,
धाकटा

ता. क. फोन करू नकोस. फोनवर या घरातली सगळी माणसं फार चांगलं बोलतात. त्यातूनच हे सगळं झालं.

ता. क. वर एक गोष्ट लिहिली नाही. मागच्या आठवड्यात तू फोनवर बाबांना काय म्हणालीस ते मला माहीत आहे. भावजय तिथेच होती. यंदा काही जमेलसं दिसत नाही, असं म्हणालीस. बाबा 'बरं बरं' म्हणाले, बागेत गेले आणि चिंध्या सोडायला लागले. एक टोक ओढायचं, चिंधी मोकळी, घडी करून खिशात. मी घरी आलो तेव्हा बाग उघडी पडली होती आणि नुसत्या जुन्या भाज्या दिसत होत्या. मला म्हणाले, "उद्या तोडून टाक सगळं. गिऱ्हाईक येत नाही म्हटल्यावर कपडा किती दिवस टांगून ठेवायचा?" म्हणजे ताई, जी परवानगी मी तुझ्याकडे मागतोय ती माझ्या खिशात आठवडाभर पडून आहे. दुसऱ्या दिवशी बाबा उठायच्या आत मी गाठोडं काढलं आणि सगळ्या चिंध्या परत बांधल्या. भावजय स्टूल धरून उभी होती, गप्प. न्हाणीघराच्या दारातल्या त्या रिकाम्या देठाला मात्र तिने स्वतः बांधली. तेव्हा सध्या बागेत दिसतात त्या चिंध्या बाबांच्या नाहीत, आमच्या आहेत. विनंती शेवटी लिहीन म्हटलं होतं, ती ही: ये. मोठी पिशवी आण.

ता. क. त्याच सकाळी बाबा चहाचा कप घेऊन बाहेर आले, थांबले, एका वांग्याची चिंधी बोटांत धरून उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "गाठ चुकलीय." मग कप पायरीवरच्या भोपळ्यावर ठेवला, मला स्टुलावर बसवलं, आणि सबंध सकाळ माझ्याकडून एकेक गाठ सोडवून परत बांधून घेतली. शेवटच्या तीन-चार बऱ्या जमल्या. जाता जाता मी सहज विचारलं, बाबा, बी तयार झालं का हो? म्हणाले, "ते कधीचंच झालंय."